माध्यमिक स्तरावरील इंग्रजीचे अध्यापन आणि ऑनलाइन चर्चा : एक चिकित्सा

माध्यमिक वर्गातील इंग्रजीच्या अध्यापनात ऑनलाइन चर्चेची साधने वापरावीत, त्यातून विद्यार्थ्यांमध्ये सहकार्याची वृत्ती वाढते, हा विचार आता चर्चासत्रांमध्ये सर्वमान्य झाल्यासारखा आहे. या विषयावरील मांडणी बहुधा साधनांच्या परिचयाने सुरू होते आणि अपुऱ्या सुविधांच्या तक्रारीने संपते. ती तक्रार खोटी नाही. तथापि अडचणीचे मूळ सुविधांत नसून ‘चर्चा’ या शब्दाचा आपण जो अर्थ लावतो त्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हडपसरसारख्या उपनगरातील मराठी माध्यमाच्या शाळांना सर्वांत जवळचे साधन होते ते व्हॉट्सॲपचे. गटात केवळ ॲडमिननेच संदेश पाठवावेत अशी सोय या माध्यमात २०१८ पासून उपलब्ध होती. साठ-सत्तर जणांच्या गटात शुभेच्छा आणि चित्रफितींचा पूर येऊ नये म्हणून ती सोय वापरणे शिक्षकाला सोयीचे होते. परंतु ती वापरली की चर्चेचे साधन त्याच क्षणी सूचनाफलक होते. विद्यार्थ्याने वहीच्या पानाचे छायाचित्र शिक्षकाला स्वतंत्रपणे पाठवायचे आणि शिक्षकाने त्यावर बरोबरची खूण करायची, एवढाच व्यवहार उरतो. गाइडमधील एकच उत्तर तीस हस्ताक्षरांत येते, आणि यालाच ऑनलाइन अध्यापन म्हटले जाते.

या व्यवस्थेत जी गोष्ट उणीव म्हणून नोंदली गेली, ती भाषाशिक्षणाच्या दृष्टीने खरे तर जमेची होती. अनेक घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. मुलाला धडा रात्री पाहायला मिळे. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यात काही तासांचे अंतर पडे. प्रत्यक्ष वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारला की मराठी माध्यमातील नववीचा विद्यार्थी आधी तो मनात मराठीत आणतो, उत्तर मराठीत जुळवतो आणि मग इंग्रजी शब्द शोधू लागतो. तोपर्यंत पुढच्या बाकावरचा विद्यार्थी उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. लेखी आणि सवडीने होणारी चर्चा मागच्या बाकावरच्याला हा हुकलेला वेळ परत देऊ शकते. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यानंतरही दहावीपर्यंत गप्प राहिलेले विद्यार्थी आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात येत असतील, तर हा वेळेचा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांचाही आहे.

डग्लस बार्न्स यांनी १९७६ मध्ये वर्गातील बोलण्याचे दोन प्रकार सांगितले : विचार चाचपडत, अडखळत पुढे नेणारे बोलणे आणि श्रोत्यांपुढे मांडण्यासाठी तयार केलेले पक्के बोलणे. चर्चेचा प्राण पहिल्या प्रकारात असतो. आपण मात्र दुसराच प्रकार स्वीकारतो. गटात चूक दिसता कामा नये आणि मराठी शब्द येता कामा नये अशी अट घातली की उरते ते ‘ओके मॅडम’ आणि जोडलेल्या हातांचे चिन्ह. मुले एरवी परस्परांत रोमन लिपीत मराठी लिहितात, मध्येच इंग्रजी वाक्य टाकतात. ही लवचीकता वर्गाच्या उंबरठ्यावर थांबवली जाते. चर्चा मिश्र भाषेत व्हावी आणि गटाचा अंतिम निर्णय तेवढा इंग्रजीत लिहावा, एवढी सवलत द्यायला हरकत नसावी.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो परकीय नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्प राबवला. त्यात विद्यार्थ्यांच्या गटकार्यावर त्यांनी भर दिला नाही. कारण उघड होते : कच्ची इंग्रजी असलेली मुले एकमेकांशीच बोलत राहिली तर एकमेकांच्या चुकाच पक्क्या होतील. सहकार्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात या आक्षेपाची दखल क्वचितच घेतली जाते, हे खेदाचे आहे. तोंडी गटकार्याबाबत तो बराचसा खरा वाटतो. लेखी चर्चेत मात्र मुलांचे वाक्य पुढे टिकून राहते. शिक्षक ते उचलून, कोणाला न दुखावता, योग्य रूपात पुन्हा लिहू शकतो. मात्र त्यासाठी शिक्षकाने गटात सहभागी म्हणून असले पाहिजे. साठ जणांच्या गटात हे अशक्य आहे. पाच-सहा जणांच्या गटात, आठवड्याला एका प्रश्नावर, शक्य आहे.

प्रश्नही तसा हवा. ‘मोबाइल शाप की वरदान’ या विषयावर सर्वांचे मत आधीच ठरलेले असते. त्याऐवजी हडपसर गाडीतळावरून शनिवारवाड्याला ठरावीक पैशांत आणि ठरावीक वेळेत कसे पोहोचावे, हे गटाने ठरवावे. एकाकडे बसच्या वेळा, दुसऱ्याकडे भाडे, तिसऱ्याकडे वाड्याची वेळ. प्रत्येकाजवळ माहितीचा एकच तुकडा असल्याने दुसऱ्याला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. विचारण्याची गरज निर्माण झाल्याखेरीज सहकार्य घडत नाही, मग साधन कितीही आधुनिक असो.

परीक्षापद्धती याच्या नेमकी उलट दिशेने जाते. २०२० च्या युवकभारतीवर आधारित बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत ‘गटचर्चा’ हा लेखनप्रकार आला. परीक्षार्थी एकटा बसून तीन-चार काल्पनिक सहभागींची वाक्ये लिहितो आणि गटचर्चेचे गुण मिळवतो! दहावीच्या पातळीवर २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढील वर्षापासून वीस गुण पुन्हा सुरू झाले. त्या वादात निकालाच्या टक्केवारीची चिंता अधिक झाली. श्रवण-भाषणाच्या त्या वीस गुणांत विद्यार्थी एकमेकांशी काय बोलतात याला स्थान द्यावे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

केवळ ॲडमिनची सोय वापरणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. मुलीच्या नावापुढे तिच्या आईचा क्रमांक असतो आणि तो साठ घरांत जातो. पालकांचा संकोच येथे समजण्यासारखा आहे. म्हणून चर्चा शाळेच्या आवारात, संगणक कक्षात होणे अधिक योग्य. २००२ पासून उपलब्ध असलेली मूडल ही विनामूल्य प्रणाली शाळेतील अंतर्गत जाळ्यावर इंटरनेटशिवायही चालते. संगणक कक्ष बंद पडलेला असेल, तर प्रत्येक गटाला एक दोनशेपानी वही द्यावी. ती रोज एकाच्या घरी जावी, त्याने आधीच्याचे वाचून खाली दोन वाक्ये लिहावीत आणि शनिवारी शिक्षकाने त्याच पानावर आपले वाक्य जोडावे.