‘म्हणे’ला जागा नाही

‘स्त्री’ हा शब्द एका अक्षराचा. वृत्तात तो एक गुरू, म्हणजे दोन मात्रा. ट्विटरवर (आता एक्स म्हणायचं) मात्र तो सहा जागा खातो: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि दुसरी वेलांटी. इंग्रजीतली ‘वूमन’ पाचात बसते. ‘बाई’ लिहिलं तर आपलंही तिनात भागतं, पण मग वाक्याचा सूरच बदलतो.

हे माप आलं एसएमएसमधून. रोमन लिपीत एका मेसेजमध्ये 160 खुणा मावायच्या. त्यातल्या 20 नावासाठी ठेवून ट्विटरने 2006मध्ये 140 दिल्या. देवनागरी मेसेज 70वरच संपायचा. मराठी रोमनमध्ये खरडण्याच्या आपल्या सवयीमागे हेही एक कारण. नोव्हेंबर 2017मध्ये 140चे 280 झाले, तेव्हा जपानी, चिनी आणि कोरियन वगळल्या गेल्या, कारण त्यांत थोड्या खुणांत पुष्कळ मावतं. म्हणजे लिपीप्रमाणे माप बदलावं लागतं, हे कंपनीलाही कळत होतं. मराठीला मात्र इंग्रजीचंच माप मिळालं.

थोडक्यात लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणी आणि उखाणे असलेल्या भाषेला ते कुणी शिकवायला नको. माझा आक्षेप आहे तो कात्री कुठे चालते याला. जागा संपली की आपण नाम कापत नाही, क्रियापद कापत नाही, शिवी तर नाहीच नाही. कापतो ते ‘बहुतेक’, ‘माझ्या मते’, ‘निदान’ आणि ‘म्हणे’.

त्यातही ‘म्हणे’ गेल्याचं मला जास्त लागतं. ‘धरण फुटलं म्हणे’ यात मी हे ऐकलंय, पाहिलेलं नाही, एवढी कबुली आहे. ‘धरण फुटलं’ ही थेट बातमी, आणि पावसाळ्याच्या रात्री नदीकाठच्या गावात या दोन वाक्यांमधला फरक किती मोठा असतो ते सांगायला नको. ‘म्हणे’ला लागतात फक्त पाच खुणा. तरी पहिला बळी त्याचाच, कारण तो काढला तरी वाक्य व्याकरणात धडधाकट राहतं.

यावर थ्रेडचा उपाय सुचवला जातो. पण फॉरवर्ड होतो तो थ्रेडमधल्या एकाच तुकड्याचा स्क्रीनशॉट. ‘म्हणे’ असलाच तर बहुधा शेजारच्या तुकड्यात राहिलेला असतो.