बोलीचे वर्णन आणि वर्गातील मूल

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील ठाण्याच्या वारलीवरील खंड १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शास्त्रीय शिस्त वादातीत आहे. प्रश्न आहे तो वाचकाचा. ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे, डहाणू-तलासरीकडे (आता पालघर जिल्हा) वारली मुलांना मराठी वाचन शिकविणारा शिक्षक त्याच्या वाचकवर्गात सहसा येत नाही. मूल घरच्या बोलीच्या नियमाने बोलते; त्या नियमाची ओळख नसलेला शिक्षक त्यास चूक म्हणतो, आणि मूल गप्प होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्यतोवर मातृभाषेतून शिकविण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. परंतु कायदा व्याकरण पुरवीत नाही. ते काम विद्यापीठांचे. कोणतीही बोली अशुद्ध नसते, हे तत्त्व आपण विद्यार्थ्यांकडून उत्तरपत्रिकेत लिहवून घेतो. शाळेपर्यंत मात्र पोचवीत नाही.

म्हणून बोलीविषयक प्रत्येक प्रबंधास शिक्षकांसाठी मराठीत एक परिशिष्ट जोडावे: बोली व प्रमाणभाषा यांतील नियमित भेद, सोदाहरण. ते वर्गात वापरून पाहिल्यास संशोधकालाही नवी सामग्री लाभेल; कारण मुलाची तथाकथित चूक ही पुष्कळदा नियमाचीच खूण असते.