‘खिळा नाही, सरस नाही’: चिनी कपाटांबद्दलच्या एका वाक्याची तपासणी

“जुन्या चिनी कपाटांत एकही खिळा नाही आणि सरसाचा थेंबही नाही.” हे वाक्य लिलावाच्या कॅटलॉगमध्ये किंवा सुतारकामाच्या व्हिडिओत तुम्हाला कधी ना कधी भेटेलच. ऐकायला भारी वाटतं. पण प्रबंधात ते असंच उचलणार असाल, तर जरा थांबा.

या दाव्याची इंग्रजीतली एक ठळक जुनी मांडणी गुस्टाफ एके या जर्मन अभ्यासकाच्या चिनी घरगुती फर्निचरवरच्या पुस्तकात आहे. ते 1944 मध्ये बीजिंगमध्ये छापलं गेलं, फक्त 200 प्रती. एके तिथे सुताराचे तीन नियम सांगतात: लाकडी खुंटी अगदी गरज असेल तरच, सरस टाळता येईल तिथे टाळायचा, आणि लेथवरचं कातकाम कुठेच नाही.

आता नीट बघा. तीनपैकी दोन नियमांना अट आहे. शिवाय पहिला नियम लाकडी खुंटीबद्दल आहे, लोखंडी खिळ्याबद्दल नाही. पुढच्या लेखनात अटी गळाल्या, खुंटीचा खिळा झाला आणि ‘शक्यतो नाही’चं ‘कधीच नाही’ झालं.

मग वस्तू काय सांगते? ह्वांगह्वाली या कठीण लाकडाचं गोल कोपऱ्यांचं कपाट घ्या. त्याचे चारही खांब वर जाताना किंचित आत कलतात. दाराच्या बाहेरच्या उभ्या पट्टीची दोन्ही टोकं खुंटीसारखी वाढवलेली असतात आणि ती वरच्या-खालच्या चौकटीतल्या खळग्यांत बसतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची दारं अशीच फिरतात. इथे मात्र फिरण्याचा अक्षच कललेला, त्यामुळे दार स्वतःच्या वजनाने मिटायला बघतं. बिजागरी खरंच नाही. पण चौकोनी कोपऱ्यांच्या कपाटांना पितळी बिजागऱ्या असतात, आणि चौकटीतून आरपार घातलेल्या धातूच्या पिनांची टोकं मागे वाकवून त्या पक्क्या केलेल्या असतात. म्हणजे धातू वर्ज्य नव्हता.

सरसाचंही तसंच. दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतात, कारण दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. ती चारही बाजूंनी चिकटवली तर तडकणार. फळी वाकू नये म्हणून मागून एक आडवी पट्टी तिरक्या खाचेत सरकवतात. इथे सरस टाळण्यामागे असं सरळ तांत्रिक कारण आहे. चौकटीच्या सांध्यांत मात्र माशाच्या वायुपिशवीपासून केलेला सरस वापरलेला आढळतो. ओलावा आणि उष्णता दिली की तो सुटतो, म्हणून सांधा न तोडता दुरुस्ती करता येते. ‘सरस नाहीच’ असं धरून चालणारा अभ्यासक हा पुरावा दिसला, तर त्याला नंतरची लुडबूड समजेल आणि अस्सल वस्तूवर शंका घेईल. एक अट गाळल्याची ही किंमत.

एके यांच्या पुस्तकाचं खरं बळ त्या नियमांत नाही, असं माझं मत आहे. ते यांग याओ यांनी मोजमाप घेऊन काढलेल्या रेखाटनांत आहे. त्यांत कुसू किती लांब, खाच कुठे थांबते, हे दिसतं. नियम मात्र निवडक कठीण लाकडी वस्तूंवरून काढलेले आहेत. लाखेचा लेप दिलेलं फर्निचर, जे दरबारात मानाचं होतं, या चौकटीत फारसं येत नाही. तरीही नियम वाचायला रेखाटनांची एक प्लेट वाचण्याहून कमी वेळ लागतो, म्हणून पसरले नियमच.

‘मिंग’ या शब्दाचंही हेच झालं. वांग शीश्यांग यांनी ‘मिंग शैली’ म्हणताना उत्तम कामाचा मुख्य काळ 1522 ते 1735 असा धरला. मिंग राजवट 1644 मध्ये संपली, म्हणजे त्यातली 91 वर्षं पुढच्या छिंग काळातली. ‘शैली’ हा शब्द गाळला की कपाट आपोआप जुनं होतं, आणि बाजारात महागही.

तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘सर्वमान्य आहे’ असं लिहिलेलं एक वाक्य आज शोधा. सापडेल तितका जुना स्रोत उघडा आणि त्यातल्या ‘शक्यतो’, ‘बहुधा’, ‘इथेच’ अशा शब्दांखाली रेघ मारा. मग तुमचं वाक्य शेजारी ठेवा आणि त्यातलं काय गळलंय ते परत लिहा.