स्मृती खाणारा ब्राउझर : उपायांच्या एका यादीची झाडाझडती

अमरावतीच्या एका शिक्षकमित्राने मार्चमध्ये आम्हांला एक यादी पाठवली. 'संगणक हँग होतोय? ब्राउझर स्मृती खातोय? हे उपाय करा' असे तिचे शीर्षक होते. खाली कुणाचे नाव नव्हते. अशा याद्या शिक्षकांच्या मोबाईलवर सतत फिरत असतात, त्यामुळे आम्ही ती वाचून बाजूला ठेवली. पुढच्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला, तर तिथल्या संगणक खोलीच्या भिंतीवर हीच यादी चिकटवलेली! दहा संगणक, यादीतले सगळे उपाय करून झालेले, आणि संगणक होते तिथेच. "काहून असं होते सर? पान उघडलं का बसूनच जाते," लिपिकाने विचारले. गावातून वर्गणी जमवून दहाही संगणक बदलावेत, असा मुख्याध्यापकांचा विचार चालला होता. तेव्हा मात्र ही यादी गंभीरपणे तपासली पाहिजे असे आम्हांला वाटले.

यादीचा पहिला दोष तिच्या शीर्षकातच आहे. स्मृती, म्हणजे आपण ज्याला रॅम म्हणतो ती, भरलेली असणे हा आजार नव्हे. रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते. पुन्हा लागेल असे वाटणारे सामान ब्राउझर हाताशी ठेवतो आणि त्यासाठी जागा वापरतो, यात गैर काही नाही. दुखणे सुरू होते ते रॅम पुरेनाशी झाल्यावर. मग विंडोज त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. हा भागाकार फळ्यावर जरूर करून दाखवावा. उत्तर येते १ लाख. टेबलावरचे पुस्तक उचलायला १ सेकंद लागत असेल, तर त्याच हिशेबाने डिस्कवरचे आणायला २७ तासांहून अधिक वेळ लागेल. 'बसूनच जाते' म्हणतात ते हेच.

आता यादीतले उपाय पाहू. 'हिस्टरी आणि कॅश साफ करा' हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. पण हा साठा बहुतांशी डिस्कवर असतो, रॅममध्ये नव्हे. तो पुसल्याने रॅम मोकळी होत नाही, उलट प्रत्येक पान नेटवरून पुन्हा उतरवावे लागते. तालुक्याच्या गावातले इंटरनेट कसे चालते ते वाचकांना सांगायला नको.

'स्मृती साफ करणारे सॉफ्टवेअर टाका' हा उपाय तर अपायच आहे. त्याचे बटण दाबले की टास्क मॅनेजरमधला आकडा खरोखर खाली येतो आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. प्रत्यक्षात चालू कार्यक्रमांचे सामान त्यांच्या हाताजवळून दूर सारलेले असते. पुढच्या क्लिकला तेच परत आणावे लागते आणि आकडा पुन्हा चढतो. शिवाय हे सॉफ्टवेअर स्वतः रॅममध्ये ठाण मांडून बसते ते वेगळेच. तापमापी बर्फात बुडवून ताप उतरवण्यासारखा हा प्रकार आहे.

'ब्राउझर बदला' यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह आणि २०२० पासूनचा एज हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचा पाया निराळा आहे. पण पानच जड असेल तर ते कुठेही उघडले तरी जडच राहणार.

सर्वांत आक्षेपार्ह उपाय शेवटी दिला होता : ब्राउझरची 'वेगवेगळ्या प्रक्रिया' करण्याची सवय मोडा. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. २००८ साली क्रोम आला तोच प्रत्येक टॅब शक्यतो स्वतंत्र प्रक्रियेत चालवत. एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहावीत, हा हेतू. टास्क मॅनेजरमध्ये क्रोमचे नाव वीस-वीस वेळा दिसते ते यामुळे, संगणकाला काही बाधा झाल्यामुळे नव्हे. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली. एका संकेतस्थळाला दुसऱ्याची गुपिते वाचता येतील अशी ती त्रुटी होती. त्यावर क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी प्रक्रिया ठेवायला सुरुवात केली. यामुळे स्मृतीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. म्हणजे रॅमचा एक हिस्सा आपल्या सुरक्षिततेची किंमत म्हणून जातो. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात भलतेच काही उघडणाऱ्या माणसाने ही किंमत वाचवू नये.

मग ब्राउझर बनवणारे अगदी निर्दोष का? तसेही नाही. फायरफॉक्सची उदाहरणे बोलकी आहेत. हा ब्राउझर स्मृती गळवतो, असा त्याचा लौकिक कित्येक वर्षे होता. २०११ मध्ये मोझिलाने 'मेमश्रिंक' नावाची मोहीमच काढली आणि निकोलस नेदरकोट यांनी ती नेटाने चालवली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्या सातव्या आवृत्तीत स्मृतीचा वापर लक्षणीय घटला. तरी तक्रारी थांबेनात. शोध घेता घेता ध्यानात आले की पुष्कळशी गळती वापरणाऱ्यांनी हौसेने जोडलेल्या पूरक सॉफ्टवेअरची, म्हणजे ॲड-ऑनची, होती. टॅब बंद केला तरी ॲड-ऑन त्या पानाला धरून ठेवी, आणि पान मरूनही जागा अडवून बसे. २०१२ च्या पंधराव्या आवृत्तीने ही धरपकड मोडली. आमच्या मते या साऱ्या विषयावरचा सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग हाच. मोजल्याशिवाय दोषी सापडला नाही, आणि सापडला तो भलताच.

ही मोजणी कोणत्याही शाळेत करता येते. क्रोममध्ये शिफ्ट दाबून एस्केप दाबावे. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅब व एक्स्टेन्शन किती स्मृती घेते ते दिसते. इतकी उपयुक्त खिडकी इतक्या आडबाजूला का ठेवली, हे आम्हांला कोडेच आहे. एक पान उघडून ठेवावे, हात न लावता दर दहा मिनिटांनी आकडा टिपावा आणि विद्यार्थ्यांना आलेख काढू द्यावा. आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत असेल तर काळजी नको, कारण ब्राउझर अधूनमधून निरुपयोगी सामान झाडून काढतो. आलेख तासन्‌तास चढतच राहिला, तर त्या पानाला गळती आहे. मग संशयित एक्स्टेन्शन बंद करून तोच प्रयोग पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आपण प्रयोगशाळेत शिकवतोच. यादीत मात्र सगळे उपाय एकदम करायला सांगितले होते, त्यामुळे गुण आला असता तरी कशाने आला ते कळले नसते.

आणखी एक सावधगिरी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. पंख्यात धूळ बसलेला संगणक तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. ती मंदगती रॅमच्या नावावर खपवू नये.

आता त्या शाळेकडे परत येऊ. आम्ही दहाही संगणकांवर ती खिडकी उघडून पाहिली. लिपिकाच्या संगणकावर अकरा एक्स्टेन्शने निघाली, त्यांपैकी निम्म्यांचा उपयोग त्यालाही सांगता येईना. पण यादीच्या माथ्यावर दहाही ठिकाणी एकच टॅब होता : शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ! ब्राउझर सुरू होताच ते आपोआप उघडे आणि दिवसभर मागे उघडे राही. त्यावर स्नेहसंमेलनाची ४० छायाचित्रे एकामागून एक सरकत होती. एका माजी विद्यार्थ्याने ती मोबाईलवरून होती तशी चढवली होती.

यातली मेख वऱ्हाडातल्या मुलांना चटकन कळते. प्रेसमधून आलेली कापसाची १७० किलोची गाठ केवढी असते आणि तीच सोडली तर खोली कशी भरते, हे त्यांनी पाहिलेले असते. छायाचित्राची फाईल म्हणजे अशी बांधलेली गाठ. ती ३-४ मेगाबाईटची असली तरी पडद्यावर दाखवताना ब्राउझरला गाठ सोडावी लागते. चित्र ४००० × ३००० ठिपक्यांचे असेल तर ठिपके झाले १ कोटी २० लाख. दर ठिपक्याला ४ बाईट धरले तर ४८ मेगाबाईट. अशी ४० चित्रे पूर्ण उलगडली तर १९२० मेगाबाईट. चार जीबीच्या संगणकात विंडोज आणि विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांनी जवळजवळ निम्मी जागा आधीच घेतलेली असते. बहुतेक ब्राउझर समोर नसलेली चित्रे उलगडत नाहीत, पण सरकती पट्टी त्यांना स्वस्थ बसू देत नाही. त्यात गंमत अशी की शाळेतले पडदे होते अवघे १३६६ ठिपके रुंद!

नववीच्या मुलांनी दोन तासिकांत सगळी छायाचित्रे १२०० × ९०० ठिपक्यांची केली. आता दरेकी ४.३२ मेगाबाईट, म्हणजे पूर्वीच्या अकराव्या हिश्श्याहून कमी. ब्राउझर सुरू होताना कोरे पान उघडेल अशी व्यवस्था केली. न वापरलेले टॅब निजवणारी सोय क्रोममध्ये २०२२ च्या अखेरीस आली आहे, तीही सुरू केली. आठ संगणक कामाला लागले. उरलेल्या दोनांपैकी एकात रॅमच २ जीबी होती आणि दुसऱ्याची हार्ड डिस्क खरखरत होती. वर्गणी त्या दोघांपुरतीच काढायचे ठरले. भिंतीवरची यादी आम्ही निघालो तेव्हा कुणीतरी आधीच काढलेली होती, आणि तिच्या जागी मुलांनी काढलेला एक आलेख लावला होता, अर्थात अक्षांची नावे न लिहिता.