दहा मिनिटांची जागा

दहावी-बारावीच्या लेखी परीक्षेत प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत राज्य मंडळाने २०२३ मध्ये बंद केली आणि तेवढाच वेळ शेवटी वाढवून दिला. प्रश्नपत्रिका मोबाइलवरून बाहेर पडतात, हे कारण आम्हांला पटते. पण ही दहा मिनिटे त्या दहा मिनिटांसारखी नव्हेत. आधीच्या वेळात मुले अख्खी प्रश्नपत्रिका वाचत, पर्यायांतून प्रश्न निवडत. आता घंटा होताच लेखणी धावू लागते आणि शेवटच्या पानावरचा येणारा प्रश्न दिसतो तोवर हात दुखू लागलेला असतो.

'गुणाला तीन मिनिटे' हा सर्रास सांगितला जाणारा हिशेबही इथे अपुरा पडतो. विज्ञान भाग १ चे ४० गुण, वेळ दोन तास. भागाकार बरोबरच आहे! पण एका गुणाचा पर्याय अर्ध्या मिनिटात निवडून होतो, आणि तीन गुणांच्या किरणाकृतीला नऊ मिनिटे पुरतीलच असे नाही. पेन्सिलीचे टोक मोडले तर मुळीच नाही. कोणत्या प्रश्नाला किती वेळ, हे वाचल्यावरच ठरते. म्हणून सराव परीक्षेत पहिली पाच मिनिटे शिक्षकांनी पेने खाली ठेवायला लावावीत, आणि ती मुख्य वेळातूनच कापावीत.