फासे, कागद आणि उधारी

वेस्ट एंड गेम्स ही अमेरिकन कंपनी १९९८ साली बुडाली, ती बुटांपायी. ‘स्टार वॉर्स’वरचा पहिला रोलप्लेइंग गेम हिनेच १९८७ मध्ये काढला होता. मालकाच्या घरचा बूट आयात करण्याचा धंदा होता आणि खेळांचं खातं त्याच्याच आसऱ्याने चाले. बुटांचा धंदा बसला आणि खेळांनाही घेऊन बसला. ‘स्टार वॉर्स’चे हक्क गेले ते वेगळंच. खेळात काही खोट नव्हती. त्याच्यासाठी लिहिलेली माहितीपुस्तकं तर पुढे त्या विश्वावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या टिमोथी झान यांना संदर्भासाठी देण्यात आली होती. या क्षेत्राचा पन्नास वर्षांचा जमाखर्च चाळताना हे वारंवार दिसतं. छोटा प्रकाशक स्वतःच्या खेळाच्या दोषाने क्वचित मरतो. दुसऱ्या कोणाचं तरी दिवाळं वाजतं आणि त्यात हा जातो.

मुळात हा मालच विकायला अवघड. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण जग चालवतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात, काही अडलं की फासे टाकतात. दुकानात विकलं जातं ते फक्त नियमांचं पुस्तक. पाच जणांत एकाने घेतलं तरी सगळ्यांचं भागतं आणि नीट वापरलं तर वीस वर्षं पुरतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती १९७४ मध्ये निघाली ती हजार प्रतींची, आणि तिच्या पेट्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावी गायगॅक्स यांच्या घरातच जुळवल्या गेल्या. ती काढणारी टीएसआर कंपनी पुढे अवाढव्य झाली, कर्जात रुतली आणि १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. दोनच वर्षांनी विझर्ड्सही हॅस्ब्रोच्या पोटात गेली. मोठ्यांची कथा एवढी पुरे.

छोट्यांचा हिशेब मात्र जरा जवळून पाहायला हवा. पुस्तकाची छापील किंमत ५० डॉलर धरा. वितरक ते साधारण ६० टक्के सवलतीने उचलतो, म्हणजे प्रकाशकाच्या हाती २० डॉलर. रंगीत, पक्क्या बांधणीच्या पुस्तकाची छोटी आवृत्ती काढली तर आठ-दहा डॉलर छपाईतच जातात. उरलेल्या दहात लेखक, चित्रकार, संपादक, मांडणी करणारा, गोदामाचं भाडं आणि छापखान्यातून माल आणण्याचं भाडं. हजार प्रती संपल्या तर दहा हजार डॉलर. पानभर रंगीत चित्राला तीन-चारशे डॉलर धरले तर वीस चित्रांतच त्यातला बहुतेक पैसा संपला. लेखकाला शब्दामागे काही सेंट मिळतात, आणि बहुधा तो लेखक म्हणजे प्रकाशकच असल्यामुळे तेही मिळत नाहीत. ‘छोटा प्रकाशक’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो बहुतेक वेळा दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा गृहस्थ असतो.

आणि हे सगळं वितरकाने पैसे दिले तर. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विझर्ड्स अ‍ॅटिक ही गोदाम आणि पाठवणीचं काम करणारी संस्था कोलमडली, तेव्हा अनेक लहान प्रकाशकांचं येणं तिच्याबरोबर बुडालं. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. खेळांच्या दुकानांना माल पुरवणारी अलायन्स ही तेव्हा तिचीच शाखा होती. पुढे डायमंडने गोदामात जाकडावर पडलेला माल विकून देणेकऱ्यांचे पैसे भागवण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. माल प्रकाशकांचा, कर्ज डायमंडचं! आपल्याच पुस्तकांवर आपलाच हक्क आहे हे सिद्ध करायला प्रकाशकांना वकील लावावे लागले. छापखान्याचं बिल आधीच फेडलेल्या माणसाने वकिलाची फी कुठून आणायची?

वितरकाला वळसा घालण्याचा मार्ग म्हणून किकस्टार्टर आलं, २००९ मध्ये. मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत योजना ती हीच. आधी पैसे, मग पुस्तक. फरक इतकाच की आपल्याकडे आगाऊ पैसे भरणाऱ्याला सवलत मिळते आणि तिकडे जास्तीच्या भेटी मिळतात. कापडी नकाशा, धातूची नाणी, आणखी एक प्रकरण, त्याहून जाड कागद. रक्कम चढत गेली की आश्वासनंही चढत जातात आणि घात तिथेच होतो.

केऑसियम हे या बाबतीतलं ठळक उदाहरण. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये स्थापलेली ही कंपनी ‘कॉल ऑफ कथुलू’मुळे जगभर ठाऊक. त्याच खेळाच्या सातव्या आवृत्तीसाठी २०१३ मध्ये तिने साडेपाच लाख डॉलरांहून अधिक गोळा केले. पण वाढीव आश्वासनांचा आणि परदेशी टपालाचा खर्च कोणी नीट मांडलाच नव्हता. वाचकांनी पुरेसे पैसे दिले होते. तरी कंपनी त्याच पैशांनी बुडायला आली. २०१५ मध्ये स्टॅफर्ड आणि हा खेळ मुळात लिहिणारे सँडी पीटरसन यांनी परत येऊन सूत्रं हाती घेतली, मून डिझाइन या छोट्या प्रकाशनाच्या मंडळींना कारभारात आणलं, आणि मग ती पुस्तकं लोकांच्या घरी पोचली. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी धडा हाच आहे. केऑसियम वाचली ती नवा खेळ काढून नाही, टपालाचा हिशेब येणारी माणसं आणून.

उलट एव्हिल हॅट या दुसऱ्या प्रकाशन कंपनीने हिशेब चोख ठेवला. ‘फेट कोअर’ या खेळासाठी २०१३ च्या सुरुवातीला संपलेल्या किकस्टार्टर मोहिमेत तिला दहा हजारांहून अधिक लोकांकडून सव्वाचार लाखांपेक्षा जास्त डॉलर मिळाले, पुस्तकं वेळेवर गेली, विक्रीचे आकडे तिचे चालक फ्रेड हिक्स जाहीर करत राहिले. तरीही २०१९ मध्ये विक्रीत पगार बसत नाहीत म्हणून तिला माणसं कमी करावी लागली. मोहिमेचा पैसा एकदाच येतो आणि पगार दर महिन्याला द्यायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्यात सरकारी निर्णयांची भर. २०२५ च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं अमेरिकन आयातशुल्क १४५ टक्क्यांवर गेलं, मे महिन्यात ते ३० वर आलं. पुस्तकं या शुल्कातून सुटली. फासे, पत्ते आणि पेट्या अडकल्या. म्हणजे नुसतं पुस्तक काढणारा तरला आणि त्यासोबत देखणी पेटी देण्याचा शब्द दिलेला फसला. त्याआधी, डिसेंबर २०२४ पासून, युरोपीय संघाचे नवे सुरक्षानियम लागू झाले. तिकडे माल विकायचा तर संघात जबाबदार प्रतिनिधी नेमणं आलं. शंभर प्रती पाठवणाऱ्याने प्रतिनिधी कोठून आणावा? अनेकांना युरोपचं गिऱ्हाईक सोडणं सोपं वाटलं.

परवान्यांची गोष्टही याच जातीची. २००० मध्ये विझर्ड्सने आपल्या नियमांचा गाभा खुला केला आणि त्यावर पुस्तकं काढणाऱ्यांचं पेव फुटलं. २००३ मध्ये तिने सुधारित आवृत्ती आणली आणि दुकानांतल्या फळ्यांवरचा त्या सर्वांचा माल एका रात्रीत जुना झाला. २०२३ च्या जानेवारीत तोच परवाना आवळून साडेसात लाख डॉलरांवरच्या उत्पन्नावर २५ टक्के मागण्याचा मसुदा फुटला. ओरड इतकी झाली की महिना संपायच्या आत कंपनीने ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिले. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटण्याचं भय तेव्हा सगळ्यांना पुन्हा कळलं, आणि स्वतःचे नियम लिहिण्याची हौस वाढली. कलेच्या दृष्टीने ते बरंच झालं.

कारण टंचाईने या कलेचं एकूण भलंच केलं आहे, असं मला वाटतं. जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ (२०१३) एका पानात मावतो. ग्रँट हॉविट पेट्रिऑनवर वर्गणी घेऊन एकपानी खेळ देत आले. ‘मदरशिप’ या अंतराळातल्या भयखेळासाठी निघालेलं ‘द हॉन्टिंग ऑफ इप्सिलॉन १४’ म्हणजे तीन पदरांत दुमडलेला एक कागद. उघडला की खाणकेंद्राचा आराखडा, खोल्या रेषांनी जोडलेल्या, कामगारांची यादी, एक मांजर. मग एकेक कामगार नाहीसा होऊ लागतो आणि खेळ चालवणारा यादीतली नावं खोडत जातो. संध्याकाळभराची भीती एवढ्याशा कागदात बसते. तीनशे पानी जाडजूड साहसपुस्तकांत हे सहसा साधत नाही. ती आरामखुर्चीत वाचायला छान, टेबलावर शोधाशोध करायला वैताग. पानं वाढवण्याचं वाढीव आश्वासन हे कलात्मक कारण नव्हे.

पीडीएफ हा याहून स्वस्त मार्ग. ड्राइव्हथ्रूआरपीजी ही विक्रीची वेबसाइट साधारण ६५ ते ७० टक्के निर्मात्याला देते. त्यासाठी गोदाम लागत नाही, टपालही नाही. मुंबई-पुण्यातल्या खेळणाऱ्या गटांपर्यंत हे छोटे खेळ पोचतात तेही बहुधा असेच. शॉन टॉमकिन यांचा ‘आयर्नस्वॉर्न’ तर फुकटच आहे, आणि एकट्याने खेळायच्या खेळांत तो आजही पहिल्या रांगेतला. पण इथेही फळी दुसऱ्याचीच. इच.आयओ या अशाच वेबसाइटवर २०२० मध्ये वंशन्यायासाठी काढलेल्या गठ्ठ्याने ८० लाखांहून अधिक डॉलर जमवले, त्याच इच.आयओने जुलै २०२५ मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दडपणाखाली प्रौढ मजकूर शोधातून काढला.

पैशाच्या ओढाताणीत खरं नुकसान कशाचं होतं? खेळांची संख्या तर वाढतेच आहे. नुकसान होतं ते चाचणीचं. चित्राला पैसे देणारे सापडतात, कारण चित्र मोहिमेच्या पानावर दिसतं. अनोळखी गटांच्या हाती कच्चे नियम देऊन ते कुठे मोडतात हे बघायला मात्र कोणी पैसे देत नाही. ‘मदरशिप’चं पहिलं पुस्तक २०१८ मध्ये आलं, ४४ पानांचं, पीडीएफची किंमत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. त्यावर जगभर डाव झाले, चुका निघाल्या, आणि २०२१ च्या मोहिमेने १४ लाख डॉलर जमवल्यावर पक्की पेटी २०२४ मध्ये लोकांच्या हाती पडली. मधली वर्षं म्हणजे वाचकांनी फुकट केलेली चाचणीच. तोवर थांबणं ‘मदरशिप’च्या प्रकाशकांना, ट्युसडे नाइट गेम्सला, परवडलं, कारण ‘टू रूम्स अँड अ बूम’ हा पार्टीचा खेळ त्यांनी आधीच बाजारात आणला होता. असा आधार नसलेला प्रकाशक पहिल्या मसुद्यालाच शेवटची आवृत्ती करून टाकतो, आणि तो खेळ बिघडला कुठे हे घेणाऱ्यांना तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कळतं.