वृत्ताचा प्रारंभ आणि मराठी वाक्याची घडण

वृत्तलेखनाच्या पाठ्यपुस्तकांत एक नियम जवळजवळ निरपवाद म्हणून सांगितला जातो : जे सर्वांत महत्त्वाचे, ते सर्वांत आधी यावे. कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे या प्रश्नांची उत्तरे प्रारंभीच द्यावीत व पुढील तपशील उतरत्या महत्त्वाने मांडावा. या रचनेला ‘उलटा पिरॅमिड’ असे नाव आहे. नियमाच्या इष्टतेविषयी येथे वाद नाही. परंतु मराठी वृत्तपत्रांत तो ज्या रीतीने पाळला जातो, त्या रीतीमुळे त्याचा हेतूच विफल होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही रचना प्रथम अमेरिकन वृत्तपत्रांत घडली. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या हत्येसंबंधी युद्धमंत्री स्टँटन यांनी पाठविलेल्या तारांत तिचे आरंभीचे रूप काही अभ्यासकांना दिसते. ती सर्वत्र रूढ झाली ती मात्र एकोणिसावे शतक सरताना व विसावे उजाडताना. खिळ्यांची जुळणी होत असे त्या काळी जागा अपुरी पडली, तर मजकूर खालून कापणे सोयीचे होते, ही तिची व्यावहारिक बाजू. तिची भाषिक बाजू मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. इंग्रजी वाक्यात कर्त्यामागोमाग क्रियापद येते. काय घडले हे चारपाच शब्दांत कळते, आणि उरलेली उत्तरे त्यामागे जोडता येतात. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. म्हणून साही उत्तरे एकाच वाक्यात कोंबली की ती सर्व क्रियापदाच्या आधी येऊन दाटतात, आणि घटना सर्वांच्या शेवटी हाती लागते. पिरॅमिड उलटा करावयास जावे, तो वाक्यापुरता पुन्हा सुलटा होतो.

उदाहरणादाखल नित्याच्या धर्तीचे एक वाक्य रचून पाहू : “टंचाईग्रस्त गावांना येत्या पंधरवड्यात पुरेसे पाणी मिळेल, एकही टँकर कमी पडू दिला जाणार नाही व अपुऱ्या राहिलेल्या पाणीयोजना त्वरित पूर्ण करण्यात येतील, असे प्रतिपादन पालकमंत्र्यांनी आज येथे झालेल्या बैठकीत केले.”

या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष वृत्ताचा आहे. पाणी मिळणार, ही गोष्ट वाचक प्रथम वस्तुस्थिती म्हणून ग्रहण करतो. ते कोणाचे तरी बोलणे आहे, हे ‘असे’ या शब्दापाशी पोहोचल्यावर त्याला उमगते. तोवर विधान मनात रुजलेले असते. शिवाय ‘प्रतिपादन’ म्हणजे युक्तिवादाने सिद्ध करणे. येथे सिद्ध काहीच केलेले नाही, केवळ आश्वासन दिले आहे. ‘आज येथे’ हे शब्दही अनावश्यक आहेत, कारण स्थळ आणि तारीख वृत्ताच्या शिरोभागी दिलेलीच असतात. तेच वृत्त असे सांगता येईल : “टंचाईग्रस्त गावांना पंधरवड्यात पाणी देण्याचे आश्वासन पालकमंत्र्यांनी दिले. त्यासाठी किती टँकर लागतील, हे त्यांनी सांगितले नाही.” दुसरे वाक्य सुचले, याचे कारण पहिले संपले. लांब वाक्यात जे सांगितले गेले तेवढेच मावते. जे सांगितले गेले नाही, त्याची नोंद घ्यावयास त्यात जागा उरत नाही.

आखूड वाक्यांची ही मांडणी मराठीला परकी आहे, असेही नाही. पानिपतचा पराभव (जानेवारी १७६१) नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळला, अशी हकिकत ग्रांट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात नोंदविली आहे. दोन मोत्ये गेली. सत्तावीस मोहरा हरपल्या. रुपे-तांबे किती गेले त्याची मोजदाद नाही, असा त्या सांकेतिक पत्राचा आशय. तीन विधाने, प्रत्येक विधानास स्वतंत्र क्रियापद, महत्त्वाची उतरती श्रेणी, आणि जे मोजता आले नाही ते मोजता आले नाही अशी स्वच्छ कबुली. इतकी संयत वृत्तरचना आजही विरळाच.

तथापि याच पत्रात एका धोक्याची सूचनाही आहे. त्यातील श्रेणी दर्जाची आहे : आधी सेनापती व पेशव्यांचा पुत्र, मग सरदार, आणि अगणित सामान्य सैनिक अखेरीस. सावकाराच्या दृष्टीने ती योग्य असेल. वार्ताहराने ती तशीच स्वीकारावी काय? ‘महत्त्वाचे आधी’ हा नियम महत्त्वाचे काय ते सांगत नाही. तो निर्णय लिहिणाऱ्याचा असतो, आणि तो न घेतल्यास पदाचा मान आपोआप पहिली जागा बळकावतो.

येथे एक आक्षेप संभवतो. वक्त्याचा निर्देश आधी केला, तर प्रत्येक वृत्त नामावळीने सुरू होईल आणि वृत्तपत्राला दरबाराची कळा येईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून आग्रह वक्त्याच्या नावाचा नाही, विधानाच्या जातीचा आहे. आश्वासन, आरोप, अंदाज, कबुली यांपैकी काय घडले, हे पहिल्या लहान वाक्यात निःसंदिग्ध यावे; नाव, पद व प्रसंग मागून आले तरी चालेल. साही प्रश्नांची उत्तरे पहिल्या वाक्यात नव्हेत, पहिल्या परिच्छेदात द्यावीत, इतकी सवलत मराठीच्या प्रकृतीला देणे अवश्य आहे.

आज असंख्य वाचक मोबाईलच्या पडद्यावर मथळा आणि एखादी ओळ वाचून पुढे सरकतात. ‘असे प्रतिपादन’ हे शब्द त्या ओळीच्या पलीकडे राहिले, तर वाचकाजवळ उरते ते केवळ आश्वासन, आणि तेही वस्तुस्थितीच्या वेषात. गावात पाणी आलेले नसते. वृत्तात मात्र ते पोहोचलेले असते.